पेट्रॉफमध्ये चौथ्याच चालीला घोडा एफ७वर! मुलीला उत्तर काय शिकवू?

रावेरचा_बाप
नमस्कार मंडळी. मुलगी अकरा वर्षांची आहे. बुद्धिबळात काळ्यांकडून ती पेट्रॉफ ही सुरुवात खेळते, कारण मला तेवढंच नीट शिकवता आलं. रविवारी जळगावला रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धेत समोरच्या पोराने ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, घोड्याने ई५ मारलं, हिने डी६ लावलं. इथं घोडा मागं एफ३ला जातो एवढंच मी तिला सांगितलेलं. त्याने तो सरळ एफ७च्या प्याद्यावर घातला! हिने राजाने मारला. त्याने डी४ केलं, हिने ई४चं प्यादं फुकटचं समजून घोड्याने खाल्लं. वजीर एच५, शह. जी६ मध्ये घातलं, तर वजीर डी५वर येऊन पुन्हा शह, आणि ई४चा घोडा गेला. राजा उघडा, वर एक प्यादं कमी. रेल्वेत रावेरपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. चूक माझी आहे, मी तिला ही चाल दाखवलीच नव्हती. काय खेळायचं ते नीट सांगा.

भुसावळ_यार्ड
भाऊ, हा कॉक्रेन गॅम्बिट, म्हणजे हल्ल्यासाठी सोंगटी देऊन खेळायची सुरुवात. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश वकील कलकत्त्याला होता, तिथं १८४८च्या सुमारास महेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध तो हे खेळला. १९९९ला स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोवने ग्रँडमास्टर क्रामनिकविरुद्ध हेच काढलं आणि डाव बरोबरीत सुटला. म्हणजे पोरीने लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही, तिला हे जरूर सांगा.

घोडा देऊन पांढऱ्याला दोन प्यादी मिळतात आणि काळ्याचं कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्यात लपवणं) जातं. म्हणून ई४ खायचं नाही. जी६, उंट जी७, मग हत्ती एफ८ला आणि राजा जी८ला. कॅसलिंग हाताने करायचं. चाली जास्त जातात, पण घोडा आपल्याकडे राहतो.

धुळे_पांढरी_सोंगटी
मी हे पांढऱ्यांकडून चार वर्षं खेळतोय. मला सगळ्यात जड जातं ते पाचव्या चालीला सी५. माझा सगळा जोर ई४-डी४ या जोडीत असतो, ती पुढं सरकली की काळ्याचे घोडे हुसकले जातात. सी५ने ती जोडी तिथंच फुटते. मी सी५ मारतो, तो घोडा सी६ला काढतो. उंट सी४, शह. तो उंट ई६ मध्ये घालतो, मी मारतो, राजा मारतो. राजा ई६वर बघून पोरं घाबरतात. पण नीट बघा, माझा पांढऱ्या घरांचा उंट गेलेला असतो, आता त्या राजाला शह द्यायला माझ्याकडे उरतंय काय? पुढच्या चालीला तो शांतपणे एफ७ला परततो.

कोणी डी४च्या आधीच उंटाने शह दिला, तर डी५. तेही पाठ करून घ्या.

रावेरचा_बाप
दोघांचे मनापासून आभार. या आठवड्यात थ्री-फेज लाईट रात्रीची आहे. काल केळीला पाणी सोडायला गेलो तर तीही हट्टाने आली. मोटरच्या खोलीत खाटेवर पट मांडला. तिने सी५ लावलं, धुळेकर भाऊंनी लिहिलंय तसंच राजा ई६पर्यंत आला. मी सी५च्या प्याद्याने डी६ मारलं. ते वजीराने की उंटाने घ्यायचं, यावर तिने दहा मिनिटं घेतली, मग उंटाने घेतलं. पण आता घोड्याबदल्यात माझी तीन प्यादी झाली. हे तिला पुढं महाग पडेल का?

धुळे_पांढरी_सोंगटी
उंटानेच घ्यायचं, बरोबर केलं. तीन प्यादी म्हणजे हिशेब जवळपास सारखाच, पण पट बघा: तिचे दोन घोडे आणि उंट बाहेर, तुमचा एकही मोहरा हललेला नाही. फक्त वजीरावजीरी (वजिरांची अदलाबदल) घाईने करू देऊ नका, ती झाली की तीन प्यादी चालायला लागतात. आधी राजा एफ७, मग हत्ती ई८.