‘सिस्टेमिकली इम्पॉर्टंट’ बँकेला मराठीत काय म्हणायचं?

रुपया-आणा: एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी पुस्तिका मराठीत करतोय. रिझर्व्ह बँक ज्यांना ‘डोमेस्टिक सिस्टेमिकली इम्पॉर्टंट बँक’ म्हणते (२०१५ मध्ये स्टेट बँक आणि आयसीआयसीआय, २०१७ मध्ये एचडीएफसी), त्यांच्यावर अर्धं पान आहे. मी ‘बुडू न शकणाऱ्या बँका’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘पद्धतशीर महत्त्वाच्या बँका’ केलं. पद्धतशीर म्हणजे आमच्याकडे टापटीप! सुचवा काहीतरी.

कोरा चेक: बाईंचा शब्द वाईट, पण तुमचा घातक. ‘बुडू न शकणारी’ म्हणजे जिचं बुडणं अशक्य. असं रिझर्व्ह बँक कुठे म्हणते? बुडाली तर चार जणांना घेऊन बुडेल, म्हणून बुडू देणं परवडणार नाही, एवढंच. ‘बुडणार नाही’ आणि ‘बुडू देणार नाही’ यात मराठीत केवढा फरक आहे. तुमचं वाचून एखाद्या आजोबांनी सगळी ठेव तिकडे हलवली तर? ठेवविमा तिथेही पाच लाखांचाच.

घाटावरचा: ‘अग्रणी बँक’ म्हणा की सरळ.

निवृत्त रोखपाल: अहो नको! अग्रणी बँक म्हणजे लीड बँक. ती योजना १९६९ची. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे, आणि ती या यादीत नाही. जिल्ह्यातल्या पतपुरवठ्याचा मेळ घालणं हे अग्रणी बँकेचं काम. माझी उमेदीची वर्षं त्या बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात गेली, त्यामुळे हा शब्द पळवू देणार नाही.

शब्दवेल्हाळ: ‘मर्मबँक’. जिथे घाव बसला की सगळं शरीर कोसळतं ते मर्म. आपल्या भाषेत असे शब्द असताना ‘सिस्टेमिक’ कशाला हवं?

घाटावरचा: मर्मबँक वाचून लोक मालिशवाल्याचा पत्ता विचारतील.

तिरका रकाना: ‘महाबँक’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, मामला नुसत्या आकाराचा नाही. आधी जीडीपीच्या दोन टक्क्यांहून मोठ्या बँका वेगळ्या काढतात आणि मग गुण देतात. त्यात आकाराला वजन ४० टक्के. उरलेले ६० तीन गोष्टींत सारखे वाटलेले: इतर बँकांशी असलेली गुंतागुंत, तिचं काम ऐनवेळी दुसरं कुणी उचलेल का, आणि व्यवहारांचा किचकटपणा. मार्च २०२० आठवा. येस बँकेवर निर्बंध आले, पन्नास हजारांच्या वर काढता येईना. त्याच रात्री फोनपे ठप्प, कारण त्यांचे व्यवहार त्या बँकेतून जायचे. चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणत होता, ‘माझं तर त्या बँकेत खातंच नाही!’ आणि येस बँक या यादीत नव्हतीच. तरी स्टेट बँकेला पुढे करून तिला वाचवलं.

कोरा चेक: म्हणजे यादीत नसलेलीलाही बुडू दिलं नाही. मग यादी कशाला?

तिरका रकाना: आधीच जास्त भांडवल ठेवायला लावण्यासाठी. १ एप्रिल २०२५ पासून स्टेट बँकेला जोखीमभारित मालमत्तेच्या (म्हणजे दिलेली कर्जं वगैरे, ज्यात जितकी जोखीम तितकं वजन देऊन मोजलेली) ०.८० टक्के जादा, एचडीएफसीला ०.४०, आयसीआयसीआयला ०.२०. प्रत्येक बँक कुठल्या ‘बकेट’मध्ये, त्यावर हे ठरतं.

रुपया-आणा: बाईंनी बकेटचं ‘बादली’ केलंय. जादा भांडवलाला ‘अधिभार’ चालेल ना?

निवृत्त रोखपाल: बादलीचा ‘गट’ करा. अधिभार मात्र नको. अधिभार म्हणजे वीजबिलावर येतो तो, दिला की गेला. हे पैसे बँकेचेच, भागधारकांचे. तोटा झाला तर आधी ते जावेत, ठेवीदारांचे नव्हेत.

शब्दवेल्हाळ: मग ‘गंगाजळी’!

तिरका रकाना: गंगाजळी म्हटली की लोकांना तिजोरीत बाजूला ठेवलेले पैसे दिसतात. भांडवल तिजोरीत पडून नसतं, तेही कर्जाऊच गेलेलं असतं. ‘जादा भागभांडवल’ लिहा, रुक्ष आहे पण खरं आहे.

माहेरवाशीण: मधेच घुसते. या बँकांवर ‘पर्यवेक्षण’ जास्त असतं असं वाचलं. पर्यवेक्षण हा शब्द मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकलाय. साधं ‘देखरेख’ का नाही?

निवृत्त रोखपाल: देखरेख बांधकामावर असते, वहिनी. आम्ही दोन्ही म्हणायचो नाही. ‘इन्स्पेक्शन लागलंय’ म्हणायचो आणि रजा रद्द व्हायच्या.

शब्दवेल्हाळ: मूळ गोंधळ ‘बुडणे’मध्येच आहे. बँक बुडत नाही, तिचं दिवाळं निघतं. पूर्वी ज्या सावकाराकडे देण्याला पैसे उरत नसत, तो भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे. त्यावरून दिवाळं.

कोरा चेक: ही गोष्ट मीही ऐकलीय, पण पुरावा? दिवा दिसला की दिवाळं काढायचं ही व्युत्पत्ती नव्हे. आणि आमच्या साताऱ्याकडे बँक ‘बसते’. एका नागरी बँकेवर निर्बंध आले तेव्हा आत्या ‘बँक बसली’ म्हणूनच रडत होती, ‘बुडाली’ नाही. बसलेली उठू शकते.

घाटावरचा: कोल्हापुरात बुडतेच. बसतो तो धंदा.

माहेरवाशीण: आणि ‘बुडीत कर्ज’? आमच्या शाखेच्या फलकावर एनपीएला तेच लिहिलंय.

निवृत्त रोखपाल: चूक! नव्वद दिवस हप्ता थकला की एनपीए होतं. ते थकीत. वसूल होण्याची आशा संपली की मग बुडीत.

कोरा चेक: मग नव्वद दिवसांच्या आत थकलेल्याला काय म्हणणार? तेही थकीतच ना?

निवृत्त रोखपाल: ते ‘ओव्हरड्यू’.

शब्दवेल्हाळ: झालं! शेवटी इंग्रजीच.