घरच्या घरी व्हिस्की : कोणती, कशी, किती पाण्यात?

स्कॉच, अमेरिकी बर्बन, आयरिश, आपली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, फक्त मोड आणलेल्या जवाची) यांची घरी तुलना करायची तर मांडामांड कशी असावी? आवडतं पेयही मापासकट लिहा. 'अंदाजाने' हे माप चालणार नाही.

*

चार ग्लास, प्रत्येकी १५ मिली. क्रम चुकला की सगळं फसतं : आधी आयरिश, मग बर्बन, मग शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली स्कॉच आणि शेवटी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट. (होय, उच्चार 'आयला'च, आणि पहिल्या घोटाला तोंडातून तेच निघतं.) तिथली लाफ्रॉइग आधी घेतलीत तर पुढच्या तिन्हींत पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूरच लागेल. चकण्याला फुटाणे ठेवा. तिखट शेव असेल तर तुलना विसरा.

*

बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका आणि पिंप नवं, आतून जाळलेलं. व्हॅनिला-कॅरॅमल येतं ते त्या जळक्या ओकमधून. तीच वापरलेली पिंपं पुढे स्कॉटलंडला जातात, म्हणून बऱ्याच स्कॉचमध्ये हाच वास असतो, पण दबका. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून हुंगा, लगेच कळेल.

*

आपल्या माल्टचं वय स्कॉचच्या वयाशी ताडू नका. तिथे पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, बंगळुरू-गोव्याच्या उकाड्यात दहाच्या आसपास. पाच वर्षांतच लाकूड पुरेसं उतरतं. अमृत (२००४ साली आधी ग्लासगोत विकायला काढली) किंवा गोव्याची पॉल जॉन घ्या. मळीच्या स्पिरिटवाली नेहमीची देशी या रांगेत बसवणं म्हणजे तिच्यावरही अन्याय.

*

पाण्याचा हिशेब : ४२.८ टक्के अल्कोहोलची ३० मिली अधिक १० मिली पाणी म्हणजे ३२ टक्के. वास इथे उघडतो. खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं झाकण स्वच्छ धुऊन मापाला घ्या. बोअरचं पाणी नको, क्षारांची चव वर येते. पाणी घातल्यावर व्हिस्की ढगाळली तर घाबरू नका, ती भेसळ नव्हे. गार करून गाळलेली नसली की तेलं अशी दिसतात.

*

ओल्ड फॅशन्ड : बर्बन ६० मिली, साखरेचा पाक (१:१) ५ मिली, अँगोस्टुराचे (कडू मसालेदार अर्काचे) २ झटके, मोठा बर्फ, ३० सेकंद ढवळणं, वर संत्र्याची साल. कोरडी साखर घालू नका. दारूत ती नीट विरघळत नाही, तळाशी खडा राहतो आणि शेवटचा घोट सरबत होतो. नागपुरी संत्र्याची साल सैल, सोलाण्याखाली फाटते. किन्नू बरा. पांढरा भाग आला तर कडवटपणा ठरलेला.

*

हायबॉल : व्हिस्की ४५, सोडा १५०. बर्फ काठोकाठ, कारण कमी बर्फ लवकर वितळतो. सोडा फ्रिजमधला, कडेने ओता आणि चमचा एकदाच खालून वर. जास्त ढवळलंत की बुडबुडे गेले.

पारदर्शक बर्फासाठी थर्माकोलच्या खोक्यात झाकण उघडा ठेवलेला डबा बसवा. पाणी वरून खाली गोठतं, हवा तळाकडे ढकलली जाते. तळ गोठायच्या आत काढा आणि खालचं पाणी ओतून द्या. तोवर शेजारी कांदा उघडा नको, बर्फ वास धरतो.

*

व्हिस्की नाही, पण मार्च ते मे गोव्यात असाल तर उर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या वाफेची दारू) ६०, लिंबूसोडा १५०, चिमूट मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची पाच मिनिटांत काढा.