‘छडी परत आणा, पोरं टिकतील’ – याला माझं उत्तर

निवृत्त बाई
‘घाटावरचा’ यांनी परवा लिहिलं, “आमच्या पाठीवर वळ असायचे, तरी कुणी जिवाचं बरंवाईट केलं नाही. आताची पोरं काचेची. समुपदेशक नेमण्यापेक्षा छडी परत आणा.” त्याखाली नुसता ‘अगदी बरोबर’चा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या अहवालात आत्महत्या केलेले १३,०४४ विद्यार्थी आहेत. राज्यांत पहिला नंबर आपला, १,७६४. ही सगळी काचेची होती?

मी ३१ वर्षं शिकवलं. नववीतला एक मुलगा, गृहपाठ पूर्ण, कधी तक्रार नाही. एका आठवड्यात त्याने कंपासपेटी एकाला देऊन टाकली, जमवलेली पोस्टाची तिकिटं दुसऱ्याला. मी वर्गासमोर त्याचं कौतुक केलं, किती मोठं मन म्हणून! आमच्या शिपाईमामांना मात्र दिसलं, की पोरगा तीन दिवस डबा न उघडताच परत नेतोय. त्यांनी त्याला घंटेजवळच्या बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं, “बाळा, जीव नकोसा झालाय का?” तो रडला आणि हो म्हणाला. आज दोन लेकरांचा बाप आहे.

बी.एड.ला हे मला कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं तर नसतं खूळ डोक्यात भरवू, अशीच भीती. ती भीती खोटी आहे. विचारल्याने विचार येत नाही. आधीच आलेला असला तर बोलायला वाट मिळते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, हेल्पलाइनचे नंबर ठळक दिसतील असे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. तुमच्या गावच्या शाळेत हा फलक पाहिलाय कुणी?

घाटावरचा
बाई, मुलगा वाचला, आनंद आहे. पण तुमच्या शिपायाने कुठला कोर्स केला होता? माणूस म्हणून विचारलं त्याने. मी तेच म्हणतोय. आम्हाला अपयशाची सवय लहानपणीच लागायची. यांना इतकी वर्षं आठवीपर्यंत कुणी नापास केलं नाही. मग दहावीला पहिला धक्का बसतो, तो झेपणार कसा?

दोन मुलांची आई
काका, पाचवी-आठवीची परीक्षा परत आलीय, एवढं तरी बघून लिहा. आणि सवयीचं म्हणाल, तर माझा भाऊ दहावीला गणितात गेला तेव्हा ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. वर्ष बुडालं. चार महिने तो माडीवरून खाली उतरला नाही. येणारा-जाणारा विचारायचा, “काय करतो सध्या?” आई रात्री त्याच्या दाराशी अंथरूण घालायची. का, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. २०१५ पासून बोर्डाने जुलैतच फेरपरीक्षा सुरू केली. ती आमच्या घरी दहा वर्षं आधी हवी होती.

झेडपी गुरुजी
सगळे शिक्षकाने ओळखावं, शिक्षकाने विचारावं म्हणताय. केव्हा? मी दोनशिक्षकी शाळेवर आहे. जोडीदार बीएलओ म्हणून मतदार याद्यांत अडकलेला. माझ्याकडे चार वर्ग, पोषण आहाराचा हिशोब, यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती, प्रत्येक मुलाचा अपार ओळख क्रमांक. पोराच्या डोळ्यांत बघायला वेळ कुठला?

आणि प्रशिक्षणाचं म्हणाल तर २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या १० देशांतल्या १६८ शाळांचा अभ्यास आला होता. शिक्षकांना लक्षणं ओळखायला शिकवलं, तिथे आत्महत्येच्या प्रयत्नांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. वर्षातून दोनदा आम्हाला सभागृहात कोंबून काय होणार?

लातूरकर
गुरुजी, शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम शिक्षकाला देता येत नाही. बाकीचं नाकारा.

झेडपी गुरुजी
नाकारा म्हणे! गेल्या वर्षी एकाने नाकारलं, दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस. कलम भिंतीवर टांगायचं का? आणि निवडणूक त्याच कलमात सूट म्हणून बसवलीय. बीएलओचं काम त्याच दारातून येतं.

लातूरकर
मग संघटना कशाला आहे? पगारवाढीला मोर्चा निघतो. याला का नाही?

झेडपी गुरुजी
तुम्ही आमच्या वाडीवर एक महिना काढा, मग मोर्चावर बोला. मुख्याध्यापकाचा कार्यभारही माझ्याकडेच आहे. परवा चौथीतली मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी आधार क्रमांक भरत होतो. ‘नंतर ये’ म्हटलं. ती नंतर आली नाही. दोन दिवस शाळेतच नव्हती. संध्याकाळी सायकल काढून घरी गेलो. ताप होता, दुसरं काही नाही. पण त्या चार किलोमीटरांत माझ्या मनात काय काय आलं, ते तुम्हाला कळणार नाही.

दोन मुलांची आई
गुरुजी, तुम्ही गेलात. हे लिहायलाच हवं होतं मला. पण धागा बीएलओवर चाललाय, इकडे मुलं राहिली बाजूला.

झेडपी गुरुजी
बाजूला नाही राहिली, ताई. हेच मुलांबद्दल आहे.

निवृत्त बाई
गुरुजींचं बरोबर आहे, आधी मला ते पटत नव्हतं. पण अभ्यास त्यांनी अर्धाच सांगितला. त्याच अभ्यासात दुसऱ्या काही शाळांत थेट मुलांशी काम केलं. चार आठवड्यांत मिळून पाच तास, प्रसंग करून दाखवणं, चर्चा, मित्र असं बोलला तर काय करायचं. वर्षभराने त्या मुलांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्मे होते. म्हणजे नुसतं मास्तरांना शिकवून भागत नाही, मुलांनाच सांगायला हवं. पाच तास! एका स्नेहसंमेलनाच्या तालमीला आपण याच्या कितीतरी पट वेळ देतो.

लातूरकर
मोर्चाचं बोललो ते जास्त झालं. मुद्दा मात्र सोडत नाही. आमच्याकडे क्लासमध्ये अजून मार्कांवरून बॅच पाडतात. दर चाचणीनंतर यादी लागते, खालच्या बॅचला गेलेल्या मुलाला खोलीतले सोबतीही टाळतात. बाईंनी सांगितलेल्या जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यालाही मनाई केलीय. माझ्या भाचीच्या क्लासला विचारलं तर म्हणाले, पालकांनाच हवं असतं. खोटं नाही ते. यादी लागली की आधी फोटो पाठवणारे पालकच असतात. आणि एखादं पोर कधी बोललंच, तर पोलीस केस होईल म्हणून दाबायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं, शिक्षा नाही. हे किती मुख्याध्यापकांना माहीत आहे?

घाटावरचा
काल रात्रभर झोप नाही. ‘कुणी जिवाचं बरंवाईट केलं नाही’ असं मी लिहिलं, ते खरं नाही. १९७८ ला आमची दहावी. पेपरात नंबर छापून यायचे. आमच्या बाकावरच्या एकाचा नंबर नव्हता. पंधरा दिवसांनी तो गेला. घरच्यांनी अपघात सांगितलं, गावाने तेच धरलं, मीही. छडी त्यानेही माझ्याइतकीच खाल्ली होती.

समुपदेशकाबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण माझा नातू अकरावीला, लातूरलाच होस्टेलवर. रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो. माझा पहिला प्रश्न चाचणीचा असतो. दुसरं काय विचारू?

निवृत्त बाई
मेसमध्ये जेवताना शेजारी कोण बसतं ते विचारा. नाव सांगता आलं नाही, तर सोमवारच्या एसटीने जा.