मदत हवी आहे: जपानला चादर पाठवायचीय

नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये आईला घेऊन क्योतोला गेले होते. तिथल्या फुशिमी इनारी मंदिराच्या पायऱ्या उतरताना आईचा गुडघा धरला, त्यात धो धो पाऊस. तिथल्या एका दुकानातल्या आजींनी चक्क शटर ओढलं, आईचा हात धरून इनारी स्टेशनपर्यंत सोडलं आणि स्वतःची निळी छत्री तिलाच देऊन टाकली. आई मराठीत बोलत होती, त्या मान डोलावत होत्या!

आईने सोलापूरच्या चाटी गल्लीतून त्या आजींसाठी सोलापुरी चादर आणलीय, सोबत शेंगा चटणी. पोस्टाने जपानला पार्सल कुणी पाठवलंय का? कस्टमच्या फॉर्मवर भेटवस्तूची किंमत कशी लिहायची? चटणी चालेल का? त्यांनी बिलामागे पत्ता जपानीत लिहून दिलाय, तो इंग्रजी अक्षरांत उतरवून देणारं सोलापुरात कुणी आहे का? आई रोज विचारते.