चर्चा: मॉरिशसचा १८ नंबर खरंच देशाची नाडी आहे का?

पुणेरी_पाहुणा
काल इथे एकांनी ठोकून दिलं: "१८ नंबर, म्हणजे बेल रोझ–कात्र बोर्न मतदारसंघ, ज्याचा, सरकार त्याचं. मॉरिशसची नाडी तिथेच लागते." वाचता वाचता चहा गार झाला माझा. अहो, २०१९ ला काय झालं? मतदारसंघातल्या तीन जागा तीन पक्षांत वाटल्या गेल्या. मजूर पक्षाचे अरविन बुलेल, पीएमएसडीचे झेवियर-लुक दुवाल, एमएसएमचे कवी रामानो. सरकार आलं एमएसएमचं. म्हणजे तिघांतले दोघे विरोधात! आणि १९८२, १९९५, २०२४ सांगायला येऊ नका. साठच्या साठ जागा एकाच बाजूला, अशा ६०–० च्या लाटेत दगडाला शेंदूर फासला तरी निवडून येतो.

वाकोआचे_बापू
तो दावा माझाच, पाहुणे. २०१९ घ्या, एक दिला तुम्हाला. पण १९८३ बघा. एमएमएमचे पॉल बेरांजे इथेच पडले आणि देशातही पक्ष हरला. १९८७ लाही तेच. पुढे १९ नंबरात, स्टॅनली–रोझ हिलला गेले, तेव्हा कुठे बस्तान बसलं. आमच्याकडे मतपत्रिकेवर तीन फुल्या माराव्याच लागतात, दोन मारल्या तर मत बाद. त्या ८३ ला वडिलांनी तिसरी फुली कुणाला मारली, ते आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही. असा मतदार आहे तो. पुण्यात बसून नाही समजायचा.

ठाण्याची_शमा
पण बेरांजे १९८३ ला पडूनही संसदेत गेलेच की! 'बेस्ट लूझर' म्हणून, म्हणजे हरलेल्यांतून भरायच्या जादा जागेवर, वर विरोधी पक्षनेते. हरलेल्याला पाट मांडून बसवायचं आणि मतदाराच्या नाडीवर बोलायचं!

वाकोआचे_बापू
शमाताई, अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या होऊ नका. ते बक्षीस नाही. लहान समाज बाहेर राहू नयेत म्हणून आठ जागा ठेवल्यात. त्या नसत्या तर ६०–० नंतर समोर बोलायला कोण उरलं असतं?

ठाण्याची_शमा
आणि कुठला समाज किती, हे कशावरून ठरवता? १९७२ च्या जनगणनेवरून! त्यानंतर समाज विचारलाच नाही. तेव्हाची मोजणी घेऊन आजच्या खुर्च्या वाटायच्या? २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही कान टोचलेत.

कास्कावेलची_सून
मला यात बोलायचंच नव्हतं. उमेदवारी अर्जात समाजाचे रकाने चार: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि उरलेले सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. मराठी कुठे? हिंदूंत. गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी, पण अर्जात आम्ही नाही. माझे सासरे एकदा अपक्ष उभे राहणार होते. समाजाच्या रकान्याशी पेन धरून बसले, 'मराठी' लिहिता येईना, 'हिंदू' लिहवेना. चहा झाला, जेवण झालं. मग कागदाची घडी घालून देव्हाऱ्यामागे ठेवली. अजून तिथेच आहे.

वाकोआचे_बापू
सूनबाई, मीही मराठीच. पण हिंदू लिहायला एवढी लाज?

कास्कावेलची_सून
लाज कुणी म्हटलं? माझ्या तोंडी शब्द घालू नका, बापू. घरी आरती मराठीत होते आमच्या. तुमच्या घरी होते का, ते सांगा आधी.

पुणेरी_पाहुणा
आरती राहू द्या हो, धागा १८ नंबरचा आहे! २०१७ ची पोटनिवडणूक सगळेच विसरलात. मेट्रोच्या विरोधात इथले खासदार रोशी भादाईननी राजीनामा दिला आणि परत उभे राहिले. सत्तेतल्या एमएसएमने उमेदवारच दिला नाही. निवडून आले बुलेल. दोन वर्षांनी देश जिंकला कुणी? एमएसएमने, ३७ टक्क्यांच्या आसपास मतांवर! लावा आता नाडी.

वाकोआचे_बापू
बरं, नाडी नव्हे. सर्दी म्हणा, कधी असते, कधी नसते. झालं समाधान? आणि तीच मेट्रो आता कात्र बोर्नातून जाते. तेव्हा विरोधात घसा फोडणारे आमचे शेजारी आज तिच्यातूनच गुरुवारच्या कपड्यांच्या बाजाराला जातात.

ठाण्याची_शमा
बापू, १९७२ चं उत्तर राहिलं.

वाकोआचे_बापू
देतो. आज गुरुवार आहे, आधी बाजारातून येतो.