कॉनमॅनला मराठीत काय म्हणायचं? भामटा, ठग की तोतया?

बाळीवेस
आमच्या सोलापुरातल्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी एका हिंदी चित्रपटावर लिहितोय. 1987 सालच्या मुंबईतल्या ऑपेरा हाऊस प्रकरणावर बेतलेला. टोळी सीबीआयचे अधिकारी बनून छापे घालते आणि रोकड, दागिने घेऊन पसार होते. मी 'भामट्यांची टोळी' लिहिलं. संपादक काकूंनी ते खोडलं. भामटा म्हणजे खिसेकापू, इथे 'ठग' लिही म्हणाल्या. मला ठग हिंदी वाटतो, आणि रुमालाने गळा आवळणारेच आठवतात. काय लिहू?

सातरस्ता
तोतया! मराठीत हक्काचा शब्द असताना ठग कशाला? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणारा तोतया उभा राहिला, 1776 साली त्याला देहदंड झाला. वेश घेऊन फसवणं, नेमकं हेच.

चाटीगल्ली
तो भाऊंचं नाव घेऊन आला होता. एका ठरावीक माणसाचं सोंग घेतो तो तोतया. चित्रपटातले लोक कुणा माणसाचं नाव घेत नाहीत, हुद्दा घेतात. फरक आहे.

सातरस्ता
पेपरात रोज 'तोतया पोलीस' छापून येतं, तेव्हा कुठल्या ठरावीक पोलिसाचं सोंग असतं? भाषा पुढे गेली. माझे आजोबा सांगायचे, तोता नक्कल करतो म्हणून तोतया.

चाटीगल्ली
मराठीत पोपटाला तोता कोण म्हणतं? कानाला गोड लागली म्हणून व्युत्पत्ती खरी होत नाही. ठगाचं मात्र ऐका. संस्कृत स्थग, त्यातून हिंदीत ठग, आपल्याकडे ठक. ठकवणे, ठकसेन, ठकास महाठक. इतका घरचा शब्द असताना ग कशाला?

जुनीमिल
काकूंचं कारण काहीही असो, 'भामटा' खोडला ते बरं झालं. माझं आजोळ सेटलमेंटमधलं. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवल्या, हजेरी लावली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. पण भामटा हे आजही विमुक्त जातींच्या यादीतलं नाव आहे. शाळेत 'भामटा' शब्दाचा वाक्यात उपयोग करा असा प्रश्न फळ्यावर आला, तेव्हा माझा मामेभाऊ वर्गात होता. सगळी पोरं वळून त्याच्याकडे बघत होती. तुम्हाला तो शब्द सुटा वाटतो, आम्हाला नाही वाटत.

बाळीवेस
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काढतो.

नवीपेठ
दुःख मान्य आहे. पण शब्द जमातीवरून आला की जमातीला चिकटवला, हे ठरल्याशिवाय कोशातून हाकलायचा का? अशाने निम्मे शब्द जातील.

जुनीमिल
कोशात राहू द्या की. कोशात असणं वेगळं आणि भित्तिपत्रकाच्या मथळ्यात असणं वेगळं. आधी काय आलं याने मामेभावाला काही फरक पडत नाही.

कोर्टाजवळ
मी वकिलांकडे टंकलेखन करतो. कायद्याच्या मराठीत चीटिंगला 'ठकवणूक' आणि वेश घेऊन केली तर 'तोतयेगिरी करून ठकवणूक'. म्हणजे दोघेही बरोबर. दरोडा मात्र लिहू नका, त्याला पाच माणसं आणि बळजबरी लागते. मूळ प्रकरणात बळजबरीच नव्हती. त्यातल्या सूत्रधाराने पेपरात जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन 26 जण नेमले, 19 मार्च 1987 ला त्यांनाच सराफाच्या पेढीवर नेलं. पोरांना वाटत होतं आपण खरंच सरकारी नोकरीत लागलो. तो दागिने घेऊन गेला, आजवर सापडला नाही. सगळ्यात जास्त फसली ती हीच पोरं, त्यांच्यासाठी शब्द शोधा आधी. आणि चारशेवीसही जुनं झालं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 318 आहे.

सातरस्ता
318 कोण म्हणणार? कलम गेलं तरी माणूस चारशेवीसच.

पूर्वभागकर
आमच्या घरी तेलुगू. आजी सरळ 'मोसगाडु' म्हणायची. कन्नडवालेही मोसच म्हणतात. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे आमच्या विणकरांच्या वस्तीत, मागावर बसलेला मराठी माणूससुद्धा 'मोस केला' म्हणतो, मी कानांनी ऐकलंय. सोलापूरच्या भित्तिपत्रकात सोलापूरचा शब्द का नको?

चाटीगल्ली
कारण तो मराठी नाही.

पूर्वभागकर
सोलापूरचा आहे. चार पिढ्या इथे माग चालवतोय, आमचा शब्द पाहुणा कसा?

नवीपेठ
ग्रामीण भागात तर कुणी नामच वापरत नाही. 'टोपी घातली', 'शेंडी लावली', विषय संपला.

कोर्टाजवळ
ते दोन एक नाहीत. उधारी बुडवली की टोपी. शेंडी लावायला गोड बोलावं लागतं.

नवीपेठ
आमच्या बार्शीकडे उधारी बुडवणाऱ्यालाही शेंडी लावली म्हणतात. टोपी फक्त भागीदार घालतो.

जुनीमिल
मोहोळला उलटं ऐकलंय. भागीदाराने बुडवलं की 'चुना लावला'.