मदत हवी आहे: धावण्याआधी योगासनं करूनही पाय आखडलेलेच

आठवड्यातून ४ दिवस मिळून साधारण ३५ किमी धावणं होतं. मांडीमागचे स्नायू कायम ताठ. ३ आठवड्यांपासून धावण्याआधी पश्चिमोत्तानासन (बसून, पाय पसरून पुढे वाकणं) दोन-दोन मिनिटं चालू आहे, तरी पाय मोकळे होण्याऐवजी जडच वाटतात. पुढे वाकलं की बसायच्या हाडापाशी दुखतं, मांडीच्या मध्यावर नाही. कुठे चुकतंय? आणि दम वाढवायला प्राणायाम उपयोगी पडेल का?

प्रतिसाद १
दोन चुका आहेत. पहिली वेळेची. एकाच स्थितीत ६० सेकंदांहून जास्त ताण धरला की स्नायूचा जोर थोड्या वेळासाठी कमी होतो, म्हणून पाय जड. धावण्याआधी ४-५ सूर्यनमस्कार घाला, कुठेही एका श्वासाहून जास्त न थांबता. मग पाय १०-१० वेळा पुढे-मागे झुलवा. धरून ठेवायची आसनं धावून झाल्यावर.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. दुखायची जागा बघता ताण बहुधा स्नायूऐवजी हाडाला चिकटलेल्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) येतोय. वाकल्यावर ती हाडावर दाबली जाते आणि ओढत राहिलं तर चिघळते. पश्चिमोत्तानासन सध्या पूर्ण बंद ठेवा, हे कृपया टाळू नका. त्याऐवजी सेतुबंधासन: पाठीवर झोपून गुडघे वाकवा, टाचा नेहमीपेक्षा वीतभर पुढे, त्या जमिनीत दाबून कंबर उचला, ३० सेकंद, ४ वेळा. दुखणं १० पैकी ३ च्या वर गेलं तर टाचा जवळ घ्या.

दुखणं उतरल्यावरच सुप्त पादांगुष्ठासन: पाठीवर झोपून, तळव्याला पट्टा लावून एक पाय वर. गुडघा किंचित वाकलेला, दुसरा पाय जमिनीवर, प्रत्येक बाजूला ३० सेकंद, २-३ वेळा. ताण मांडीच्या मधोमध जाणवला पाहिजे. पोटरीत किंवा तळव्यात मुंग्या आल्या तर नस ओढली जातेय. पाऊल सैल सोडा, पाय थोडा खाली आणा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद, वाकणं आजपासून बंद. पण स्नायू मुळात आखडतात का?

प्रतिसाद १
पुष्कळदा ते आखूड नसतात, कमजोर असतात. शिवाय जांघेचे स्नायू घट्ट असले की कंबरेखालचा हाडांचा सांगाडा पुढे झुकतो आणि मांडीमागचे स्नायू सतत ताणलेले राहतात. त्यावर अंजनेयासन (एक पाय पुढे वाकवून, मागचा गुडघा जमिनीवर) चांगलं, पण बहुतेक जण त्यात कंबरेची कमान करतात आणि सगळा ताण पाठीत जातो. मागच्या पायाचा नितंब आवळा, माकडहाड आत घ्या, मगच पुढे सरका. २-३ इंचसुद्धा पुरतात.

प्रतिसाद २
प्राणायामाबद्दल: शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मुख्यतः धावण्यानेच वाढते. प्राणायामाचा खरा फायदा धावून आल्यावर. ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास, ५ ते १० मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके लवकर खाली येतात, झोपही सुधारू शकते. ही संथ लय धावताना लादू नका. तेव्हा कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर टाकावा लागतो. धावण्याच्या तोंडावर कपालभातीही नको, त्याने चक्कर येऊ शकते. उच्च रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर ती एरवीही टाळावी.

प्रतिसाद १
एक राहिलं: बसल्यावर किंवा रात्री दुखायला लागलं, किंवा ६ आठवड्यांत फरक पडला नाही, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.